कागदावर चालू, शटर बंद: आपल्या जिल्ह्यात धंदे किती?

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर डेटाबेस जुळवणं हेच काम. आजचा प्रश्न साधा आहे: आपल्या जिल्ह्यात धंदे किती?

सोपं वाटतं ना? मग माझ्या घरचंच घ्या. बाबांचं वाळूजला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, तीन माणसं. २०२१ ला शटर पडलं ते कायमचंच. रिटर्न भरणं थांबलं, जीएसटी नंबर रद्द झाला. उद्यम नोंदणी मात्र अजून चालू. वीजमीटर शेडमालकाच्या नावावर, आणि त्या शेडमध्ये आता दुसऱ्याच कुणाचं पॅकेजिंगचं काम. आता सांगा, या पत्त्यावर धंदे किती मोजायचे?

हे ठरवायला जी यादी लागते, ती म्हणजे सांख्यिकी बिझनेस रजिस्टर. प्रत्येक धंद्याची एकदाच नोंद: काम काय, कुठे, माणसं किती, सुरू कधी, बंद कधी. सर्वेक्षणासाठी नमुना अशा यादीतूनच निवडतात. यादी चुकली की पुढचे आकडेही चुकतात.

आपल्याकडे सगळे धंदे मोजायचा मोठा मार्ग म्हणजे आर्थिक गणना. पहिली १९७७ ला झाली. २०१३-१४ च्या सहाव्या गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना निघाल्या. पण दोन गणनांमध्ये कित्येक वर्षं जातात आणि यादी शिळी होते. म्हणून दुसरा मार्ग: सरकारी कामात रोज जमा होणारा डेटाच जोडायचा. ब्रिटनचं रजिस्टर असंच व्हॅट आणि पगारावरच्या कराच्या नोंदींतून बनतं.

जोडायचं कसं? जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. उद्यमलाही पॅन लागतो. मग जॉइन मारला की झालं? नाही ना!

पहिली अडचण, जे यादीतच नाहीत. माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी सक्तीचा नाही. पीएफ साधारण २० कामगारांपासून. म्हणून गुलमंडीतली टपरी किंवा पैठणचा एखादा विणकर कुठेच न दिसण्याची शक्यता मोठी.

दुसरी, पत्ता. बजाज ऑटोचा कारखाना आपल्या वाळूजला, नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आकुर्डीला. पॅन एकच. कंपनी आणि तिचा प्रत्येक कारखाना वेगळा नोंदवला नाही, तर इथल्या कामगारांचं काम पुण्याच्या खात्यात जाईल.

तिसरी, नाव. जुन्या नोंदींत औरंगाबाद, नव्या नोंदींत छत्रपती संभाजीनगर. वर बिहारमध्येही औरंगाबाद आहेच! नुसतं नाव जुळवून भागत नाही, पिनकोड बघावा लागतो.

चौथी, बाबांच्या वर्कशॉपसारख्या नोंदी. २०१६-१७ च्या सेवा क्षेत्राच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कंपन्यांच्या सरकारी यादीतल्या एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या सापडल्या नाहीत, बंद निघाल्या किंवा वेगळंच काम करत होत्या. त्यावरून देशभर वाद झाला.

आणि लोकांची भीती? 'नाव नोंदवलं की टॅक्सवाले येणार.' २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा सांगतो की त्याखाली गोळा केलेली माहिती फक्त आकडेवारीसाठीच वापरायची. हा भरवसा टिकला तरच लोक खरं सांगतील.

परवा बाबांना म्हटलं, "उद्यम नोंदणी रद्द करून टाकू." ते म्हणाले, "असू दे रे. तेवढं तरी राहू दे नावावर."

मग मी त्यांना समजावलं, चांगल्या रजिस्टरमध्ये बंद धंदा डिलीट करत नाहीत. बंद झाल्याची तारीख टाकतात. २०२१ पर्यंत इथे दोन लेथ चालत होते, तीन घरं चालत होती, हे राहतंच. ते हसले. म्हणाले, "मग टाक तारीख."

तुमच्या घरातही असा एखादा जुना नंबर पडून असेल, तर एकदा बघा. भेटू पुढच्या भागात!