चेंडू आणि नजर



स्मृतिव्याख्यानासाठी फलंदाजी हा विषय काहींना हलका वाटेल. परंतु आपल्याच सुरतेत, लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर, सप्टेंबर २०१९ मध्ये पंधरा वर्षांच्या शेफाली वर्माने भारताकडून पदार्पण केले. तेव्हा येथील मुलामुलींना हा विषय परका नाही.

‘चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव’ हे आपण सारे ऐकत आलो. ते अक्षरशः पाळता येत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो, आणि दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. इंग्लंडमधील लँड आणि मॅक्लाउड या संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो पाहतो. मग नजर त्याला मागे टाकून टप्प्याच्या जागी जाऊन थांबते. कसलेल्या फलंदाजाची नजर तेथे लवकर पोहोचते, कच्च्याची उशिरा. म्हणजे चेंडूचा पाठलाग करण्यापेक्षा त्याची वाट पाहणे अधिक मोलाचे! बेसबॉलमध्ये तर चेंडूला टप्पाच नसतो. तेथेही अखेरच्या काही फुटांत नजर मागे पडते, असे अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. बॅट चेंडूला भेटते ती जागा फलंदाजाने आधीच मनात नेमलेली असते. ड्राइव्हसाठी ती शरीराच्या पुढे, लेट कटसाठी जवळजवळ यष्टींपाशी.

म्हणूनच चेंडू सुटण्याचा तो पहिला क्षण हिरावला गेला, तर पुढचे सारे कौशल्य निरुपयोगी ठरते. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला भारताचे कर्णधार, गुजरातचे नरी कॉन्ट्रॅक्टर, ग्रिफिथला खेळत होते. मैदानावर साइटस्क्रीन नव्हता. गोलंदाजाच्या हातामागे, पॅव्हेलियनमध्ये, कोणीतरी खिडकी उघडली आणि लक्ष विचलित झाले, असे त्यांनीच पुढे सांगितले. चेंडू उजव्या कानाच्या वर लागला, कवटी फुटली. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. आपले बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्डे यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, प्रथम श्रेणीचे क्रिकेट पुन्हा खेळलेही. कसोटीत मात्र परतले नाहीत.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. आपल्या मैदानावर गोलंदाजाच्या पाठीमागे पांढरी चादर बांधावी, तिच्यासमोरून कोणालाही चालू देऊ नये, आणि हेल्मेटावाचून मुलाला जलद गोलंदाजीसमोर उभे करू नये. चेंडू डोळ्यांआड झाला म्हणून जे मूल बिचकते, त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या जागी उभे राहून एकदा समोर पाहावे.