खराऱ्याचे मोल आणि वरचे बक्षीस



कुळगाव आणि बदलापूर ही जुळी गावे. नगरपरिषदही दोघांची एकच. बदलापूर हे नाव कसे पडले याची एक गोष्ट आमच्याकडे जुनी माणसे सांगतात. लांबच्या मजलेवर निघालेले स्वार इथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घेत आणि पुढे जात. घोडे बदलण्याचे ठिकाण, म्हणून बदलापूर. ही झाली लोककथा. पण ती ऐकली की माझ्या मनात एक प्रश्न येतो. स्वार तर ताज्या घोड्यावर बसून निघून गेला. मागे राहिलेल्या, घामाने निथळणाऱ्या घोड्याचे पुढे काय झाले? त्याचे अंग कोणी चोळले, टापांतले खडे कोणी काढले, खरारा कोणी केला? हे काम मोतद्दाराचे. गोष्टीत स्वार आहे, घोडा आहे, मोतद्दार मात्र नाही. मग त्याच्या हातावर काय पडले, हे तरी गोष्टीत कुठून येणार?

आज मी आपल्याशी बोलणार आहे तो या मोतद्दाराच्या आजच्या भावाविषयी. कुत्र्याला आंघोळ घालणारा, त्याचे केस विंचरणारा आणि नखे कापणारा जो माणूस असतो, त्याला मजुरीवर बक्षीस द्यावे की नाही, द्यावे तर किती आणि कसे, असा हा साधा विषय आहे.

तुम्ही हसाल. म्हणाल, कुत्र्याची कसली आलीय हजामत! आमचा कुत्रा खळ्यावर राखण करतो, ओढ्यात डुंबतो, उन्हात अंग झाडतो, झाले. खरे आहे. पण कुळगावात आता उंच उंच इमारती झाल्या आहेत आणि तिथल्या घरांत कुत्री आली आहेत ती थंड मुलखातली, लांब केसांची. असा कुत्रा आपल्या पावसाळी दमट हवेत राहिला की केसांचा गुंता होतो, गुंत्याखाली कातडे ओले राहते, गोचीड लपून बसतात. चार भिंतींत नखे झिजत नाहीत, ती वाढून आत वळतात. तेव्हा हा खरारा म्हणजे नुसती चैन नाही. आणि हे काम शिकून आलेली पोरे पुष्कळदा आपल्याच खेड्यांतली असतात, म्हणून हा विषय तुमचाही आहे.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या मुलीने असा एक झुबकेदार कुत्रा पाळला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे केस कापायला एक मुलगा घरी आला. मुरबाडकडचा, विशीतला. मी त्याला "अरे ए, इकडे ये" अशी हाक मारली. मजुरी आठशे रुपये ठरली होती. दोन तास तो ओणवा बसून एक-एक गाठ बोटांनी सोडवीत होता. कुत्रा गुरगुरला की हात थांबवी, त्याच्याशी बोले, पुन्हा लागे. मध्येच म्हणाला, "काका, जरा बघा." कानामागच्या गुंत्याखाली जखम होती, चिघळलेली. आम्ही रोज त्या डोक्यावरून हात फिरवीत होतो, पण कोणाला दिसली नव्हती. "आजच डॉक्टरला दाखवा. तिथे मी पाणी लागू दिलेलं नाही," तो म्हणाला.

काम झाले आणि मी काय केले असेल? मी म्हणालो, "एवढ्याशा कुत्र्याचे आठशे? सातशे घे." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पैसे घेतले, खाली सांडलेले केस झाडून गोळा केले आणि तो गेला. संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांनी जखम पाहिली. म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर किडे पडले असते. त्या रात्री मला ते शंभर रुपये काही केल्या पचेनात. तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे.

आपल्या भाषेत देण्याला किती शब्द आहेत पाहा. मजुरी, बलुते, पोस्त, बक्षीस, चिरीमिरी. मजुरी म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले मोल. तो हक्क आहे. पोस्त दिवाळीची, वर्षभर ज्याने दारी सेवा केली त्याला सणाची आठवण म्हणून. बक्षीस म्हणजे काम चांगले झाले म्हणून आपल्या खुशीने वर दिलेले. आणि चिरीमिरी? ती काम होण्याच्या आधी, काम व्हावे म्हणून सरकवलेली. चिरीमिरीला बक्षीस म्हणू नये आणि बक्षिसाला मजुरी म्हणू नये.

बलुत्याची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात ती पद्धत तपशिलाने लिहून ठेवली आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर कुणब्याचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. पीक आले तर पेंढ्या भरपूर, न आले तर बलुतेदाराच्या हाती काय? शिवाय पेंढी केवढी द्यायची हे देणाऱ्याच्या मर्जीवर. घेणाऱ्याने वाकायचे, वाट पाहायची. महार वतनदारांकडून तर सरकार आणि गाव दोघेही राबवून घेत आणि मोबदल्याचा ठिकाणा नसे. म्हणूनच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. यातून आपण एवढे शिकावे की पोटाची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नये. आधी मजुरी, ठरलेली आणि पुरती. मर्जीचा प्रश्न त्यानंतरचा.

परदेशातही हाच पेच आहे. अमेरिकेत बक्षीस देण्याची रीत इतकी रुजली आहे की ज्यांना बक्षीस मिळते अशा कामगारांची मालकाने द्यायची किमान मजुरी तिथल्या केंद्रीय कायद्याने १९९१ पासून तासाला अवघी दोन डॉलर तेरा सेंट ठेवली आहे. बाकीचे गिऱ्हाइकाच्या बक्षिसातून भरून निघावे, ही अपेक्षा. म्हणजे आपले जुने बलुतेच की! उलट जपानात बक्षीस देण्याची रीत बहुधा नाहीच. दिले तर घेणारा संकोचतो. चांगले काम हा मजुरीचाच भाग, असे तिथे मानतात. आपण या दोन टोकांच्या मधला रस्ता धरावा.

तो कसा, ते सांगतो.

पहिली गोष्ट, घासाघीस करायची तर काम सुरू होण्याआधी करावी. काम झाल्यावर मजुरी कापणे म्हणजे उसन्या पैशाला नकार देण्यासारखे आहे.

दुसरी, आपला कुत्रा चावरा असेल, त्याला कुठे दुखत असेल, तर आधी सांगावे. पिसाळरोगाची लस वेळेवर टोचलेली असावी. ही खबर हेच पहिले बक्षीस. आणि चावलाच, तर ती जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. लगेच दवाखान्यात नेऊन लस टोचून घ्यावी. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. त्या दवाखान्याचा खर्च कुत्र्याच्या धन्याने करावा, ही माझ्या मते माणुसकीची रीत आहे.

तिसरी, बक्षीस किती? आपल्याकडे याचा ठरलेला नियम नाही. मी स्वतःपुरता असा धरला आहे: नेहमीच्या चांगल्या कामाला मजुरीच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे आठशेला ऐंशी. गुंता फार असला, कुत्रा दांडगा असला, किंवा त्याने एखादी जखम दाखवून दिली, तर त्याहून जास्त. ज्याला हे झेपत नाही त्याने पुरती मजुरी वेळेवर द्यावी, चहा द्यावा, दोन शब्द बरे बोलावेत. त्यात कमीपणा काही नाही. मालक स्वतःच काम करीत असेल तर बक्षीस दिलेच पाहिजे असे नाही. त्याच्या हाताखालच्या मुलाला विसरू नये.

चौथी, बक्षीस ज्याने काम केले त्याच्याच हातात पडावे. हल्ली दुकानाच्या फळीवर चौकोनी ठिपक्यांची पाटी असते, मोबाईल धरला की पैसे जातात. ते जातात दुकानाच्या खात्यात. मुलाला त्यातले मिळेलच असे नाही. तेव्हा त्याचे वेगळे, त्याला द्यावे. फाटकी नोट, जुना सदरा, उरलेले अन्न हे बक्षीस नव्हे.

पाचवी, देताना नाव घेऊन द्यावे. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी देतो, तेव्हा सालदाराला नवे कपडे करतो. बैलाची शिंगे रंगवली आणि राबणारा गडी जुन्याच धोतरात उभा राहिला, तर तो पोळा कसला? कुत्र्याच्या बाबतीतही तसेच.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात एखाद्या दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहावेत: मजुरी, बक्षीस, लाच. मुलांना घरची उदाहरणे विचारावीत. बैलाला पत्री मारणारा, केस कापणारा, टपाल आणणारा, दाखला देणारा. कोणाला काय देतात? कशासाठी देतात? आधी देतात की नंतर? हा तास नागरिकशास्त्राचा होईल, मराठीचाही होईल, आणि दहावा हिस्सा काढायला लावला तर गणिताचाही.

आता माझे राहिलेले सांगतो. तीन महिन्यांनी तो मुलगा पुन्हा आला. बोलवायला मलाच लाज वाटत होती. मी त्याला बसायला सांगितले, नाव विचारले. जखम भरली आहे हे पाहून तो कुत्र्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. काम झाल्यावर मी आठशे दिले, मागचे शंभर दिले आणि वर दोनशे. तो म्हणाला, "काका, हे शंभर कसले?" मी म्हणालो, "ते बक्षीस नाही. ते तुझेच होते, माझ्याकडे राहिले होते." मग तो हसला आणि म्हणाला, "मग हे दोनशे घेतो."

पाहा, त्याला फरक कळत होता. शिकायचे होते ते मला. तुमच्या दारीही आज कोणी काम करून गेला असेल. त्याचे काही राहिले नाही ना, एवढे झोपण्याआधी आठवून पाहा.