उंची किती पट?

(परभणी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मी बोलायला उभा राहण्याआधी पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मला एक प्रश्न विचारला. तुमच्या प्रत्येकाच्या हातात एक कागद दिलेला आहे. त्यावर पैठणपासून नांदेडपर्यंतच्या गोदाकाठाचं त्रिमिती चित्र आहे. संगणकावर काढलेलं, लांबी, रुंदी आणि उंची असे तीन अक्ष असलेलं. काकांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "सर, माझा जन्म गंगाखेडचा. आमची गंगा एवढ्या घाटातून कधीपासून वाहायला लागली?" (हशा)

आज संध्याकाळी विचारता येईल असा सगळ्यात चांगला प्रश्न काकांनी विचारून टाकला आहे. त्याचं उत्तर मी लगेच देणार नाही. तो कागद घडी घालून खिशात ठेवू नका, शेवटी लागणार आहे.

मघाशी लाइट गेली. कार्यकर्त्यांनी विचारलं, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालवायचा की पंखे? मी म्हणालो, पंखे. (टाळ्या) म्हणजे आता पडद्यावर काही दिसणार नाही. चालेल. आजचा विषय हातांनीही दाखवता येतो.

गोदावरी, जायकवाडी, डावा कालवा, हे तुम्हाला मी काय सांगावं? पाथरी-मानवतची मंडळी इथं बसली आहेत. शास्त्रीजींच्या हस्ते १९६५ साली पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरण देशाला अर्पण केलं, हे तुमच्यापैकी काहींनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. मला त्यातले दोनच आकडे हवे आहेत. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, काठोकाठ भरला की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे जवळजवळ ४६४ मीटर. खाली नांदेडजवळ विष्णुपुरीचा जलाशय भरला की ३५५ मीटर. फरक १०९ मीटर. नदीचं पात्र तर याहूनही कमी उतरतं, कारण नाथसागराची पातळी धरणाच्या उंचीमुळे वर चढलेली आहे. आणि पैठण ते नांदेड सरळ रेषेत अंतर किती? साधारण दोनशे किलोमीटर.

आता हा बघा माझ्या हातात एक मीटर लांबीचा कागद. या टोकाला पैठण, त्या टोकाला नांदेड. परभणी जिल्ह्याचा गोदाकाठ यातच आला. ज्या मापाने लांबी काढली त्याच मापाने उंची काढायची, तर १०९ मीटर या कागदावर किती होतील? अर्धा मिलिमीटर, फार तर त्याहून किंचित जास्त. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी. मागच्या रांगेतल्यांना ती दिसणार नाही. मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही.

पण याच अर्ध्या मिलिमीटरवर आपला मराठवाडा जगतो. कुणाच्या चारीला पाणी येतं, टेलच्या शेतकऱ्याला पाळी मिळते की नाही, कुणाची जमीन चिबड होते, पुरात कोणतं गाव आधी बुडतं, हे सगळं ठरतं या दोन पोस्टकार्डांच्या जाडीत. म्हणून चित्र काढणारा उंची ताणतो. त्याला ती ताणावीच लागते. मी ताणण्याच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मागच्या वेळी नांदेडला याच विषयावर बोललो तेव्हा एका तरुण प्राध्यापकांचा तसा समज झाला होता आणि आमची भोजनाची वेळ त्यातच गेली. माझं म्हणणं एवढंच आहे: ताणा, पण किती पट ताणली ते चित्राखाली लिहा. आणि ते किती, हे माणसाने ठरवावं, यंत्रावर सोडू नका.

यंत्रावर सोडलं की काय होतं? त्रिमिती आलेख म्हणजे एक खोकं समजा. लांबीचे आकडे एका कडेवर, रुंदीचे दुसऱ्या, उंचीचे तिसऱ्या. तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर संगणक प्रत्येक कडेवर लहानात लहान आकड्यापासून मोठ्यात मोठ्या आकड्यापर्यंत सगळं बसवतो आणि खोकं नीटनेटकं दिसेल असं बघतो. पायथॉनमध्ये काम करणारी मुलं इथं असतील. आलेख काढायला जॉन हंटर यांचं मॅटप्लॉटलिब तुम्ही वापरता. २००३ पासून ते लोकांच्या हातात आहे, फुकट आहे, त्याचे उपकार आहेत. त्यातल्या त्रिमिती खोक्याच्या बाजू, तुम्ही बदलल्या नाहीत, तर ४:४:३ या प्रमाणात असतात. खोकं सुबक दिसतं. पण एका कडेवर चार किलोमीटर आहेत आणि तिसरीवर चाळीस मीटर, हे खोक्याला कुठं कळतं?

चार किलोमीटर आणि चाळीस मीटर हे आकडे मी सहज घेतलेले नाहीत.

ही गोष्ट दोन मिनिटांत सांगायचं ठरवून आलो होतो. मी तेव्हा नोकरीत होतो. कुठल्या कार्यालयात ते राहू द्या. जिंतूर तालुक्यातल्या एका गावाचं पाणलोटाचं काम होतं. शिवार साधारण चार किलोमीटर लांब, चार किलोमीटर रुंद. वरच्या माळापासून खालच्या ओढ्यापर्यंत उतार चाळीस मीटरचा. आकडे मी घातले, बटण दाबलं आणि इतकं देखणं चित्र आलं की मी ते मोठ्या आकारात रंगीत छापून घेतलं. ग्रामसभेत मारुतीच्या पारावर टांगलं. गाव खूश. आपल्या गावाला असा डोंगर, अशी दरी आहे, हे कुणाला माहीतच नव्हतं!

घरी जाऊन हिशोब करा. बाजूला चार भाग म्हणजे चार किलोमीटर, आणि उंचीला तीन भाग म्हणजे चाळीस मीटर. उंची पंचाहत्तर पट ताणली गेली होती. मी ताणली नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण बटण मीच दाबलं होतं. चित्राखाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

चित्रात एके ठिकाणी दरी अरुंद दिसत होती. गावाच्या पाणलोट समितीने तिथं बोट ठेवलं: इथं सिमेंट नाला बांध घालू, पाणी खोल साठेल. मीही मान डोलावली. खऱ्या जमिनीवर तिथला उतार होता शंभराला एक. दोन मीटर उंच बांध घातला की पाणी दोनशे मीटर मागे पसरणार, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण समोर टांगलेल्या चित्रात तोच उतार शंभराला पंचाहत्तर दिसत होता. डोळा म्हणत होता, पाणी पावणेतीन मीटर मागे जाईल आणि थांबेल. डोळ्याने आकड्याला गप्प बसवलं.

बांध झाला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी मागे पसरलं आणि दोन शेतकऱ्यांच्या तुरीत चार-पाच दिवस उभं राहिलं. तुरीला पाणी साचलेलं चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शेंडे माना टाकून बसले, मग पीक पिवळं पडलं, मग गेलं.

त्यातला एक शेतकरी मला बांधावर घेऊन गेला. वयाने माझ्या वडिलांएवढा. भांडला नाही. पारावरचं चित्र त्याने गुंडाळून बगलेत आणलं होतं. ते पसरलं आणि म्हणाला, "सायेब, हे मव्हं वावर न्हाई. मह्या वावरातून बैल कधी दमला न्हाई." मग त्याने गवंड्याकडून आणलेली पारदर्शक पाण्याची नळी काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन तो चालत गेला. नळीतलं पाणी स्थिरावलं. माझ्या टोकाला पाणी खुंटीवर जिथं होतं तिथं त्याने कोळशाने खूण करायला लावली, त्याच्या टोकाला त्याने केली. दहा पावलं. फरक चार बोटांचा. पुन्हा दहा पावलं. पुन्हा तेवढाच. असे आम्ही संबंध वावर चाललो, उन्हात, एक शब्द न बोलता. शेवटी तो म्हणाला, "आता तुमच्या चित्रात बगा."

त्याच्या नळीला एकच माप होतं. जमिनीवर एक वीत म्हणजे नळीतही एक वीतच.

ती तूर माझ्या अक्षाने बुडाली, असं मी मानतो. पुढे बांधाची उंची कमी केली, सांडवा रुंद केला. पण त्या वर्षीचं पीक परत आलं नाही.

(येथे संयोजकांकडून चिठ्ठी आली.)

वीस मिनिटं उरली म्हणतात. मला वाटलं होतं, तीस उरली असतील. मग भारताची जमीन मोजणाऱ्या लॅम्बटनचं सर्वेक्षण सोडून देतो. तो विदर्भात वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला १८२३ साली वारला आणि तिथंच त्याची कबर आहे, एवढं लक्षात ठेवा. कधी गेलात तर थांबून बघा. शुक्राचं मात्र सांगतो, कारण चूक आपल्या जिंतूरचीच नव्हती हे त्यातून कळेल. मॅगेलन यानाने शुक्राचं रडारने मापन केलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माट मॉन्स या ज्वालामुखीची त्रिमिती चित्रं जगभर पोचली. आग ओकणारं टोकदार शिखर! उंची साडेबावीस पट ताणलेली. चित्र काढणाऱ्यांनी खाली तसं लिहिलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण वर्तमानपत्रांत चित्र छापलं गेलं, ओळ गळाली. तेव्हा डेव्हिड मॉरिसन या ग्रहशास्त्रज्ञाने 'सपाट शुक्र संघटना' काढू या, अशी हाक दिली. चेष्टेत दिली, पण मुद्दा चेष्टेचा नव्हता. आमच्या जिंतूरच्या चित्रात उंची पंचाहत्तर पट होती. शुक्रापेक्षा आपण पुढे. (हशा)

आता तुमच्या मनातला आक्षेप. कृषी विद्यापीठातले विद्यार्थी मला नेहमी म्हणतात: सर, जमिनीचं ठीक आहे, तिन्ही अक्ष मीटरमध्ये. आमच्या आलेखात एका अक्षावर नत्र, दुसऱ्यावर स्फुरद, तिसऱ्यावर ज्वारीचं उत्पादन. किलोची आणि क्विंटलची बरोबरी कशी करणार? बरोबर आहे. तिथं सम प्रमाणाला अर्थच नाही. तिथं उतार किती दिसावा हा तुमचा निर्णय, आणि म्हणून जबाबदारी दुप्पट. पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी माणसांचं कृषी संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ पासून तुमच्या टेबलावर आहे. आकड्यातला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची शिस्त त्यांनी या देशातल्या शेती संशोधनाला लावली. मग त्या शिस्तीने काढलेल्या आकड्याचं चित्र बेशिस्त का काढायचं?

एक उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते घेतो. 'परभणी मोती' ज्वारी पेरली, वेगवेगळी खतं दिली, उत्पादन आलं हेक्टरी अठरा ते वीस क्विंटल. यंत्राने उंचीचा अक्ष अठरापासून सुरू केला. आलेखात हिमालय. पुढल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, उत्पादन आठ ते सोळा. यंत्राने अक्ष आठपासून सुरू केला. पुन्हा तेवढाच हिमालय. दोन्ही चित्रं प्रबंधात शेजारीशेजारी. पाहणारा म्हणतो, दोन्ही वर्षी खताचा परिणाम सारखाच! एका वर्षी फरक दोन क्विंटलचा, दुसऱ्या वर्षी आठचा. शेजारी ठेवायची असतील तर दोन्ही चित्रांना एकच अक्ष द्या, शून्यापासून वीसपर्यंत. पहिलं चित्र जवळजवळ सपाट दिसेल. दिसू द्या. ते सपाटपणच तुमचं संशोधन आहे.

(प्रेक्षकांतून: "मग 'जगात जर्मनी, भारतात परभणी' याचं काय?")

(मोठा हशा, टाळ्या)

या घोषणेवर माझं मनापासून प्रेम आहे, त्यामुळे मी तिच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही. जर्मनीचं क्षेत्रफळ साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपण परभणी ताणली आहे. पण सगळ्या जगाला ठाऊक आहे की ताणली आहे, म्हणून ती कुणाला फसवत नाही. माझी मागणी तीच तर आहे.

साधनं नव्हती, हीही सबब आता राहिली नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये त्रिमितीत तिन्ही अक्ष समान करायची सोयच बरीच वर्षं नव्हती. मुलं काय करायची माहीत आहे? आकड्यांच्या भोवती एका घनाचे आठ कोपरे अदृश्य ठिपक्यांनी मांडायची, म्हणजे यंत्राला वाटायचं की डेटा सगळीकडे सारखाच पसरलेला आहे, आणि ते तिन्ही कडांवर सारखी लांबी धरायचं. यंत्राला प्रामाणिक करण्यासाठी त्याला फसवावं लागत होतं! २०२० साली खोक्याच्या बाजू सोप्या रीतीने ठरवता येऊ लागल्या, २०२२ साली 'समान' म्हणायची सोय आली. एका ओळीचं काम आहे. 'आर' या संगणकभाषेत तर त्रिमिती पृष्ठभागाच्या मदतपानावर ऑकलंडच्या माउंगाव्हाउ टेकडीचं उदाहरण आहे. दहा-दहा मीटरवर मोजलेली उंची, आणि पहिल्याच ओळीत उंचीला दोनने गुणलं आहे. शेजारी टीप: उठाव वाढवला आहे. कुणी मागितली नव्हती. तरी लिहिली.

दुसरी चिठ्ठी आली. अध्यक्षांची माफी मागतो, त्यांच्यासाठी वेळ उरला नाही. त्रिमिती स्तंभांविषयी बोलायचं होतं, पुढचे खांब मागचे खांब झाकतात ते. राहू द्या, ते तुम्ही कचेरीच्या भिंतीवर रोज पाहता.

आता तो कागद काढा. काकांना उत्तर द्यायचं आहे. चित्राखाली एक ओळ मी मुद्दाम छापली नव्हती. आज तुमच्यासमोर लिहायची, असं ठरवून आलो होतो. ज्यांच्याकडे पेन नाही त्यांनी शेजाऱ्याकडून घ्या. चित्राच्या अगदी खाली, अक्षाला लागून लिहा: 'उंची २०० पट.'

काका, तुमची गंगा घाटातून वाहत नाही. तो घाट मी काढला आहे.

मुलांनो, लिहिलं का? मागच्या रांगेत पेन पोचलं? थांबतो मी, लिहा.