उद्याच्या इंग्रजी शिक्षकाने कोणता ऐच्छिक विषय घ्यावा?



बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच बोलणे सुरू होते: पुढे काय घ्यायचे? एखादी मुलगी म्हणते, मी बी. ए. करीन, मग बी. एड. करीन आणि इंग्रजीची शिक्षिका होईन. घरची माणसे म्हणतात, "बरं झालं, इंग्रजीच्या मास्तराला कुठंही मागणी असते." इथवर सारे ठीक. पण पुढे अर्जात 'ऐच्छिक विषय' असा एक रकाना असतो. ज्या विषयाचे गाईड बाजारात मिळते किंवा जो मैत्रिणीने घेतला आहे, तो तिथे भरून मुले मोकळी होतात. आज मला या एका रकान्याबद्दलच बोलायचे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि पदवीच्या अभ्यासक्रमात मुख्य विषय, दुय्यम विषय आणि ऐच्छिक विषय अशी मांडणी झाली. एका श्रेयांकाला साधारण १५ तासांचे अध्यापन धरतात. म्हणजे चार श्रेयांकांचा एक ऐच्छिक विषय हा ६० तासांचा अभ्यास झाला. साठ तास ही काही थोडी पुंजी नव्हे. ती कशावर घालवायची, हे नीट पाहून ठरवले पाहिजे.

विद्यापीठागणिक विषयांची नावे वेगळी असतात, पण ढोबळमानाने त्यांचे दोन गट पडतात. एका गटात साहित्य येते: नाटक, कादंबरी, काव्य, भारतीय लेखकांचे इंग्रजी लेखन. दुसऱ्या गटात भाषेचा विचार येतो: उच्चारशास्त्र, व्याकरण, भाषाविज्ञान, इंग्रजीचे अध्यापन. पहिल्या गटाकडे ओढा असतो आणि दुसऱ्याला मुले बिचकतात. माझे सांगणे असे, की ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने दुसऱ्या गटातला निदान एक विषय घेतल्याशिवाय राहू नये.

का, ते सांगतो. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. शहरातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी चार ठिकाणांहून पडते. वाडीवस्तीवरच्या मुलाच्या मोबाईलवरही ती आता येते, पण चुकले तर थांबवून नीट सांगणारे माणूस म्हणजे एकटा शिक्षक. शिक्षक जसे बोलेल तसे मूल बोलेल. पुढे ते अडखळले तर दोष मुलाच्या माथी येतो: "याचं इंग्रजी कच्चं आहे." खरे तर पुष्कळदा ते मूल मराठीच्याच नियमाने बिनचूक चाललेले असते!

आता उदाहरणेच घ्या. इंग्रजीत पश्चिमेला 'वेस्ट' म्हणतात आणि बंडीला 'व्हेस्ट'. पहिल्या शब्दात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपला 'व' या दोहोंच्या मधला, म्हणून मुलाला दोन्ही शब्द एकच वाटतात. उच्चारशास्त्र शिकलेला शिक्षक रागावत नाही. तो म्हणतो, "माझ्या ओठांकडे बघा." दोन मिनिटांचे काम.

दुसरे उदाहरण हजेरीचे. मुले रोज 'प्रेझेंट' म्हणतात. हजर या अर्थी त्या शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर असतो. तोच शब्द 'सादर करणे' या अर्थी वापरला की जोर दुसऱ्या अवयवावर जातो. मराठीत जोर बदलून असा अर्थ बदलत नाही, म्हणून ही गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते. ती शिकवायची तर आधी शिक्षकाला ठाऊक हवी.

तिसरे उदाहरण 'द' या एवढ्याशा शब्दाचे. मुलगा शिकायला शाळेत जातो तेव्हा 'गो टु स्कूल'. त्याचा बाप दाखला आणायला जातो तेव्हा 'गो टु द स्कूल'. मराठीत दोघेही शाळेतच जातात! हा फरक घोकून येत नाही. दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे कळतो, आणि भाषाविज्ञानात हेच करायचे असते.

या विषयाला बिचकण्याचे कारण नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये उच्चारशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, ती भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनीच काढली. आणि आपल्याला तर हे बाळकडूच मिळालेले आहे. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्धेचा, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा. पहिलीत गिरवलेली मुळाक्षरे म्हणजे उच्चारशास्त्राचा तक्ताच की!

अध्यापनाच्या विषयाचेही तसेच. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत एक प्रयोग केला. आधी व्याकरणाचा नियम, मग सराव, ही चाल त्यांनी सोडली. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवावे आणि प्रश्न सोडवायला द्यावेत. उत्तर शोधण्याच्या नादात मुले इंग्रजी वापरू लागत. आपल्याकडे रेल्वे नसली तर एस. टी. आहे. स्टँडवरचे वेळापत्रक उतरवून आणले की एक तासिका झाली. अशा गोष्टी या विषयात शिकायला मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, मग साहित्य सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. ज्या शिक्षकाने गोष्टी वाचल्या नाहीत, तो वर्गात गोष्ट काय सांगणार? साहित्याने भाषेची गोडी लागते, ते असावेच. फक्त सारे साठ-साठ तास त्यातच खर्च होऊ नयेत. आणि दुय्यम विषय म्हणून मराठी मिळत असेल तर जरूर घ्यावी. ज्याची मराठी पक्की, त्याला मुलाची चूक कुठून आली ते लवकर उमगते.

एक अडचण मात्र खरी आहे. पुष्कळ लहान महाविद्यालयांत 'ऐच्छिक' हे नावापुरतेच असते. शिक्षक कमी, विद्यार्थी थोडे, म्हणून एकच विषय चालवतात आणि मुलांना तोच घ्यावा लागतो. अशा वेळी गप्प बसू नये. आठ-दहा जणांनी मिळून, प्रवेशाच्या वेळीच, प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. एकट्याचे म्हणणे मागे पडते. दहांच्या सह्यांचा अर्ज सहसा बाजूला सारता येत नाही. तरीही विषय मिळाला नाही, तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर भाषाविज्ञानाचे आणि इंग्रजी अध्यापनाचे पाठ घरबसल्या शिकता येतात.

पालकांनीही एवढे करावे. मुलगी अर्ज भरत असेल तेव्हा तिला विचारावे, "हा विषय तू का घेतलास? उद्या वर्गात उभी राहशील तेव्हा तो तुझ्या कामी कसा येईल?" इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. उत्तर 'गाईड मिळतं म्हणून' असे आले, तर म्हणावे, "बाई, अजून एकदा विचार कर." तिच्या हाताखालून वर्षाला चाळीस मुले जातील, आणि नोकरी तीस वर्षांची असेल.