मुलांच्या दातांवरील डाग : शिक्षकाने करावयाची पारख



प्रार्थनेनंतर मुलांची नखे, केस व दात पाहण्याची चाल आपल्या शाळांत जुनी आहे आणि ती चांगलीच आहे. तथापि दात तपकिरी दिसताच ‘दात न घासता आलास’ असे म्हणून मुलास रांगेबाहेर उभे केले जाते, तेव्हा अन्याय होण्याचा संभव असतो. डाग सारखे दिसले तरी त्यांची कारणे निरनिराळी असतात. आणि घरी माडिया वा गोंडी बोलणाऱ्या लहानग्यास आपली बाजू मराठीत मांडता येत नाही. यास्तव शिक्षकाने आधी डाग ओळखावा, मग बोलावे.

पहिला प्रकार अन्नाच्या डागांचा. जांभळाच्या दिवसांत साऱ्या वर्गाचे दात जांभळे होतात व लवकरच पूर्ववत होतात. बिनदुधाच्या चहातील टॅनिन मात्र दातांवरील लाळेच्या पातळ थरास चिकटते व दिवसेंदिवस साचत जाते. चिंच, आवळा किंवा लाल मुंग्यांची चटणी यांतील आंबटपणामुळे दाताचे कवच थोडा वेळ मऊ पडते. म्हणून असे पदार्थ खाऊ नयेत असे मुळीच नाही. रानमेवा हे मुलांचे पोषणच होय. खाल्ल्यावर चूळ भरावी आणि आंबट खाल्ल्यावर अर्धा तास दात घासू नयेत, एवढेच शिकवावे. राख, कोळसा वा विटेचा भुगा यांनी डाग निघतो, परंतु त्यासोबत कवचही झिजते.

दुसरा प्रकार खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांत मुलांच्या हाती सहज पडतो. त्याचा तांबूस-काळा थर दातांच्या मुळाशी व आतल्या बाजूस बसतो. येथे डागापेक्षा भय मोठे आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाचाही धोका असतो. मुलास स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालता येत नसतील, तर त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु ज्या गुरुजींच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे, त्यांच्या उपदेशास वजन येत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

तिसरा प्रकार पाण्याचा, आणि मुलांवर अन्याय होतो तो बहुधा येथेच. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ साली व्यवसाय आरंभिला, तेव्हा तेथील अनेक मुलांचे दात तपकिरी दिसले. लोक डुकराच्या मांसास, निकस दुधास दोष देत. अखेर १९३१ साली खरे कारण सापडले : पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड. आपल्या देशात १९३७ साली नेल्लोर भागात हा विकार नोंदला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलातही फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळते. दर लिटरास दीड मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे.

हा डाग दाताच्या घडणीतच असतो. दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे व पुढे तपकिरी छटा दिसते; कितीही घासले तरी ती जात नाही. एकाच टोलीतील, एकाच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांत असे दात दिसल्यास त्यांची यादी करावी व ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही; त्यासाठी दुसरा स्रोत शोधावा. पुढचे कायमचे दात हिरडीच्या आत लहानपणीच घडतात. त्यामुळे थोरल्या मुलाचा डाग पुसता आला नाही, तरी तो वेळीच ओळखल्याने पाळण्यातल्या भावंडाचे दात वाचू शकतात.

तेव्हा उद्यापासून तपासणी रांगेत सर्वांदेखत न करता मुलास जवळ घेऊन करावी. ‘का घासले नाहीस?’ असे न विचारता ‘काय खातोस, पाणी कोठले पितोस?’ असे विचारावे. डाग पडलेले मूल दोषी नव्हे. हसताना तोंडावर हात धरणारे मूल वर्गात मोकळेपणे हसू लागले, तर आरोग्याचा हा पाठ सफल झाला असे समजावे.