फिरते फडताळ आणि वाचलेला वेळ

गोदाम म्हटले की पाठीवर पोते घेतलेला हमाल डोळ्यांसमोर येतो. परंतु सुटा माल मागणीनुसार काढून देणाऱ्या कामगाराचे श्रम ओझे वाहण्यापेक्षा चालण्यात अधिक जातात. एका मांडणीपासून दुसऱ्या मांडणीपर्यंतच्या पायपिटीत त्याचा साधारण निम्मा वेळ खर्च होतो, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. मालकाच्या हिशेबी हा वेळ वाया गेलेला असतो. तो वाचविण्यासाठी आलेल्या यंत्रांपैकी एक म्हणजे ‘कॅरोसेल’, अर्थात फिरते फडताळ.

त्याची रचना सोपी आहे. आडव्या प्रकारात साखळीने जोडलेले कप्पे लंबवर्तुळाकार मार्गावर फिरतात. उभ्या प्रकारात ते रहाटगाडग्याप्रमाणे वरखाली होतात. संगणक मागणीची यादी पाहून हवा तो कप्पा कामगारापुढे आणून थांबवितो. कामगार जागेवर उभा. माल त्याच्याकडे चालत येतो. २०१२ साली अमेझॉनने ७७ कोटी ५० लाख डॉलर मोजून किवा सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली. तिची यंत्रे अख्खी मांडणीच उचलून कामगारापुढे आणत. साधन वेगळे, तत्त्व तेच.

पायपीट वाचली, वाकणे व शिडी चढणे कमी झाले, याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला हा. एकच फडताळ असेल, तर ते फिरेपर्यंत कामगाराला क्षणभर थांबता येते. तेवढाही क्षण मोकळा राहू नये म्हणून एकेका कामगाराकडे दोन-तीन फडताळे सोपविली जातात. एकातून माल काढून होतो तोवर दुसरे सज्ज असते. पूर्वीच्या चालण्यात हातांना विसावा होता, सोबत्याशी दोन शब्द बोलणे होते. आता उरते ती एकाच हालचालीची अखंड पुनरावृत्ती.

यात नवे काही नाही. इंग्लंडमध्ये १८४७ साली स्त्रिया व किशोरवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला. त्यानंतर गिरणीमालकांनी यंत्रांची गती वाढवून कमी तासांत अधिक काम कसे काढून घेतले, हे मार्क्सने दाखवून दिले आहे. म्हणजे केवळ तास मोजून भागत नाही. गतीवरही समाजाचे नियंत्रण हवे. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली त्या दिशेने कायदा केला. गोदामातील कामाचा कोटा कामगाराला लेखी कळविणे त्याने बंधनकारक केले आणि जेवणाची वा विश्रांतीची सुट्टी हिरावणारा कोटा बेकायदा ठरविला.

महाराष्ट्राला तर १९६९ च्या माथाडी कायद्याचा वारसा आहे. त्याखालील मंडळे मालकांकडून मजुरीच्या प्रमाणात लेव्ही घेतात आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांसारख्या तरतुदी होतात. पण यंत्राला मजुरी नसते. म्हणून यंत्राने हलविलेल्या मालावर लेव्हीही नसते. भिवंडीसारख्या परिसरात गोदामांचा पसारा वाढत असताना माल वाढावा आणि कामगारांचा निधी मात्र आटावा, असे होऊ द्यायचे काय?

तेव्हा मागण्या दोन असाव्यात. कामाची गती कामगारांच्या संमतीने ठरावी आणि लेव्हीची आकारणी मजुरीबरोबरच हाताळलेल्या मालावरही व्हावी. फडताळ खुशाल फिरू द्या. त्याने वाचविलेल्या वेळात कामगाराचाही वाटा असला पाहिजे.