संभाषणाचा नाका

ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेनें येणारा प्रवासी वरसाव्याच्या नाक्यावर पोहोंचला, कीं त्याच्यापुढें दोन दिशा उघडतात : एक मुंबईची, दुसरी वसईची खाडी ओलांडून अहमदाबादची. प्रत्येक गांवाहून प्रत्येक गांवीं निराळा रस्ता बांधावा लागत नाहीं, तो अशा नाक्यांमुळें. व्यापारी कचेरींतील टेलिफोनची व्यवस्थाही याच युक्तीवर उभी आहे.

दहा मेजांवरील टेलिफोन एकमेकांशीं स्वतंत्र तारांनीं जोडावयाचे म्हटले, तर ४५ तारा लागतील, शंभरांना ४,९५०! त्याऐवजीं सर्व तारा एके ठिकाणीं आणून हव्या त्या दोन तेवढ्यापुरत्या जोडणें, हें एक्स्चेंजचें काम. मुंबईंत तें १८८२ मध्यें सुरू झालें. पुढें मोठ्या कचेऱ्यांनीं आपल्याच छपराखालीं लहान बोर्ड मांडले. बाहेरच्या तारा मोजक्या, आंतले फोन पुष्कळ. आणि दोहोंच्या मध्यें ऑपरेटर बाई. बोर्डावर खूण दिसली, कीं ती दोरीची खुंटी योग्य छिद्रांत खोंवी आणि बोलणें सुरू होई. साहेब दौऱ्यावर आहेत, हिशेबनीस जेवावयास गेले आहेत, हें तिला ठाऊक असे. बोर्ड तारा जोडी. ती माणसें जोडी.

परंतु जेथें माणूस, तेथें पक्षपाताची शंकाही आलीच. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. ऑपरेटर आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, असें सांगतात. त्यानें ऑपरेटरवांचून चालणारें यंत्र योजिलें. १८९१ मध्यें त्याला पेटंट मिळालें आणि पुढच्याच वर्षीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं तसलें एक्स्चेंज उघडलें. अंकागणिक विजेचे ठोके जात आणि त्या ठोक्यांसरशीं यंत्राचा दांडा पायरीपायरीनें चढून हवी ती तार गांठी. यंत्राला ना मित्र, ना शत्रु!

खटखटणारे दांडे जाऊन पुढें क्रॉसबार आले, आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रें. आतां जोडणीचे नियम तारांत नव्हे, तर यंत्राच्या स्मृतींत राहूं लागले. आपल्या देशांत १९८४ मध्यें सी-डॉट ही संस्था निघाली. तिचें १२८ जोडण्यांचें ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्यें बेळगांवकडील कित्तूर येथें बसलें. तें वातानुकूलित खोलीवांचून चाले. कचेऱ्यांतून भिंतीवरची एक पेटी ऑपरेटरचें बरेंचसें काम करूं लागली.

१९९९ मध्यें मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणानें आपल्या लहानशा धंद्याला महागडी पेटी परवडेना, म्हणून साध्या संगणकावर चालणारी ‘अॅस्टरिस्क’ ही प्रणाली लिहिली व सर्वांना मोफत खुली केली. स्ट्राउजर काय, स्पेन्सर काय, दोघेही लहान धंदेवाले; अडचणीनेंच त्यांना वाट दाखविली.

आज आवाजाचे बारीक तुकडे इंटरनेटवरून धांवतात. वरसाव्याच्या एखाद्या कचेरीचा बोर्ड शेंकडों कोसांवरील संगणकांत असूं शकतो आणि नोकर घरीं बसून कचेरीचा फोन घेऊं शकतो. सोय मोठी खरी. परंतु जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे, म्हणून घरांतील दिवे गेले तरी तो बोले. इंटरनेटवरील फोनला मात्र जागेवरच विजेची सोय लागते.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. ‘अमक्यासाठीं एक दाबा, तमक्यासाठीं दोन दाबा’ असें सांगणारें यंत्र निःपक्षपाती खरें. पण पलीकडचा आवाज कांपत आहे, हें त्याला उमगत नाहीं. गोंधळलेल्या म्हाताऱ्यानें कोणता अंक दाबावा? म्हणून कचेरीच्या चालकांनीं नवी यंत्रणा अवश्य घ्यावी, मात्र तींत एक अंक असा राखावा, कीं जो दाबतांच जिवंत माणूस म्हणेल, “बोला, काय हवें आपल्याला?”